तो तिचा स्वभाव नव्हता

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत पेपर तपासत होते. फोन विलासचा, मावशीच्या एकुलत्या एक मुलाचा. "ताई, आई गेली सकाळी. सुटली बिचारी," तो म्हणाला. मग जरा थांबून, आवाज खाली करून, "आम्हीबी सुटलो की गं..." मी फोन ठेवला आणि पुढचे तीन पेपर तपासले. कुणाला किती गुण दिले, देव जाणे. त्याला आता सहा आठवडे होतील. रडून मोकळं होण्यासाठी हे लिहीत नाही, एवढं आधीच सांगते. रडणं केव्हाच होऊन गेलं. आता उरली आहे ती नुसती किळस.

मावशी नेसरीकडच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. आमचं गाव चंदगडकडं, आडबाजूला. सातवीनंतर शाळा नव्हती, म्हणून आईनं मला धाकट्या बहिणीच्या, म्हणजे मावशीच्या घरी ठेवलं. वाड्यावस्त्यांवर कुणी बाई अडली की मावशीला बोलावणं यायचं. एकदा भर उन्हात मीही तिच्याबरोबर गेले. मोठ्या शेतकऱ्याचं घर. चार तास झगडून तिनं बाळ-बाळंतीण दोघांना वाचवलं, आणि मग आम्हाला चहा आला तो गोठ्याच्या कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या कपातून. आम्ही बौद्ध. कप वेगळा का, हे त्या वयात मला पुरतं कळत होतं. मी कपाला हात लावला नाही. मावशी मात्र शांतपणे चहा प्यायली, बाळाला पाजायला घे म्हणून त्या पोरीला दोनदा सांगून उठली. वाटेत मी चिडून विचारलं, "तू पिलीस कशाला?" ती म्हणाली, "त्या पोरीला ताप हाय. उद्या परत यायला लागणार मला. आज भांडून आले तर उद्या दारात घेतील व्हय?"

अशी बाई. स्वतःला इतकं आवरणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

नोकरी संपल्यावर ती कोल्हापुरात, रंकाळ्याच्या पलीकडं बांधलेल्या घरात विलास आणि त्याची बायको सुनंदा यांच्याबरोबर राहायला आली. नवरा आधीच गेला होता. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमारास एका लग्नात तिनं शेजारच्या अनोळखी बाईच्या ताटातला गुलाबजाम उचलून तोंडात टाकला. सगळे हसले. मीही हसले. मग कोपऱ्यावरच्या दुकानात बरणीत हात घालून गोळ्या खाणं सुरू झालं. मग शिव्या. सुनंदाला, दूधवाल्याला, मलाही. जे शब्द तिला ठाऊक असतील असं वाटलं नव्हतं, ते ती भाजी निवडता निवडता बोलल्यासारखी बोलायची. आंघोळ बंद झाली. चार-चार दिवस एकच लुगडं, त्यावर सांडलेलं, वाळलेलं. तिच्याशेजारी बसलं की मला उमासे यायचे. मी जाणं कमी केलं.

आणि विसरत मात्र काही नव्हती. कुठल्या वाडीवर कुणाला कितव्या खेपेला मुलगा झाला ते घडाघडा सांगायची. तिथंच सगळ्यांचा राग पेटला. सुनंदा म्हणायची, "सगळं ध्यानात हाय की हिच्या! मग येड लागलंय कसं म्हणायचं? मुद्दाम करतीया." गल्लीतल्या डॉक्टरांनी वय झालं म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. आमचे एक चुलतमामा आहेत, समाजात मान असलेले. ते चहाचा घोट घेत म्हणाले, "आयुष्यभर दाबून ठेवलेला खरा स्वभाव आता भाईर आला बघा." हे वाक्य सगळ्या नातेवाइकांत फिरलं. लोकांना ते आवडलं. चांगल्या माणसाच्या आत घाण असते, हे ऐकायला माणसांना इतकं बरं का वाटतं, मला अजून कळलेलं नाही.

दोन वर्षांनी माझी आई वारली. प्रेत अंगणात होतं, बायका रडत होत्या. बहिणीच्या डोक्याशी बसलेली मावशी मोठ्यानं म्हणाली, "चहात साखर कमी हाय." आणि खुदकन हसली. मग कुणाच्या तरी पोराच्या हातातलं बिस्कीट ओढून घेतलं. मी उठले आणि सगळ्यांदेखत तिच्या तोंडात मारली. जिनं मला शिकवलं, तापात उशाशी बसली, तिच्या. एकानंही माझा हात धरला नाही. मागून कुणी तरी म्हणालं, "बरं केलंस."

ते "बरं केलंस" अजून कानात आहे. मावशी रडली नाही, चिडली नाही. गालावर वळ उठलेला, आणि ती बोटाला लागलेला बिस्किटाचा चुरा चाटत होती. मार बसल्याचं दुखलं असेल, पण कुणी मारलं, का मारलं, याचं तिला काहीच नव्हतं. माणूस मुद्दाम करत असेल तर असा बघत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

महिनाभरानं मी तिला मिरजेला मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं. फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरून कपाळामागच्या भागावर बोट ठेवलं. "हा भाग वाळत चाललाय. माणूस स्वतःला आवरतो, समोरच्याला काय वाटेल याचा विचार करतो, तो इथून."

"पण तिला सगळं आठवतं," मी म्हणाले.

"आठवणींचं काम मुख्यतः दुसरीकडं चालतं. विसरणं पुढं येईल, बोलणंही जाईल. हाही स्मृतिभ्रंशाच्या कुळातलाच आजार. सुरुवात स्वभावापासून होते, म्हणून घरच्यांना आजार वाटतच नाही."

"औषध?"

"थांबवणारं नाही. तुम्ही त्यांच्यावर रागवू नका, एवढंच."

परतीच्या एसटीत ती खिडकीतून थुंकत होती आणि मला गोठ्यातला तो कप आठवत होता.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. विलास खाली बघत म्हणाला, "रोगाचं नाव कळून आमाला काय उपयोग, ताई?" सुनंदा म्हणाली, "डॉक्टर येतोय व्हय हिचं रोज धुवायला?" मला राग आला, पण तिचं खोटं नव्हतं. धूत तीच होती. मी महिन्यातून एक रविवार केळी घेऊन जाणारी. मावशी रस्त्यावर जाऊन लोकांच्या हातातलं हिसकायला लागली तशी तिची मागच्या खोलीत रवानगी झाली. कडी बाहेरून. मी ती कडी पाहिली आणि बोलले नाही. माझं घर दोन खोल्यांचं, नवऱ्याला चालणार नाही, मुलीची दहावी... कारणं तयार होती. पुढं तिचं बोलणं गेलं, मग चालणं, शेवटी गिळणंही.

ती गेल्यावरच्या जलदानविधीला मांडव भरला होता. फोटो तिच्या नोकरीच्या दिवसांतला, कडक इस्त्रीचा. त्याच चुलतमामांनी माईक हातात घेतला आणि डोळे पुसत म्हणाले, "अशी त्यागमूर्ती पुन्हा होणे नाही." वक्त्यांमागून वक्ते आले. आजाराचं नाव एकानंही घेतलं नाही, "वार्धक्यानं" म्हणाले. शेवटची सात-आठ वर्षं कुणी जगलंच नव्हतं जणू. मला बोलायला बोलावलं. मी उठले नाही. पंचपक्वान्नाची पंगत बसली, तशी निघून आले. त्या मांडवात मला जे मळमळलं, तसं मावशीच्या वासानंही कधी मळमळलं नव्हतं. आणि त्यात माझा स्वतःचा वाटा धरूनच म्हणते.

गेल्या रविवारी गेले तर मागची खोली रंगवून भाड्यानं द्यायची चालली होती. चंदगडकडचं एक जोडपं खोली बघायला आलं होतं. विलास त्यांना नळाला पाणी किती वेळ येतं ते सांगत होता. बाईनं दार आतून लावून पाहिलं आणि हाक मारली, "अवो, हितं काय झालंय ह्ये?" कमरेच्या उंचीवर, कडेला, दाराचं लाकूड तळहाताएवढं झिजून खोलगट झालं होतं. वरून नवा रंग दिला होता, तरी खळगा दिसत होता.

"लाकूडच तसलं हाय, पावणं," विलास घाईनं म्हणाला. "बदलून देतो की."

ती बाई माझ्याकडं बघत होती. या वेळी मी बोलले.

"माझी मावशी होती इथं," मी म्हणाले. "आजारी होती. रोज हात लावून दार उघडतंय का बघायची."