वन्संचं सॉफ्टवेअर

आमच्या वन्संना कुणी ‘तुमचं चुकलं’ म्हणून दाखवावं! सासरे गेल्यापासून गाड्यांचं शोरूम त्या आणि आमचे हे मिळून चालवतात. मी विम्याचे कागद बघते. माझं टेबल नेमकं दोघांच्या मध्ये, त्यामुळे भावाबहिणीची सगळी भांडणं माझ्याच डोक्यावरून जातात.

गाड्या वाढल्या, तोंडी कारभार झेपेना, तेव्हा सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. ह्यांना एक साधंसुधं आवडलं, वन्संना दुसरं, रंगीबेरंगी आलेखांचं. कुणी माघार घेईना. शेवटी महिनाभर दोन्ही चालवून बघायची ठरली. शोरूममध्ये ह्यांचं, मागच्या यार्डात वन्संचं, आणि गाडी विकली की नोंद दोन्हीकडे करायची. असला उपद्व्याप आमच्याच घरात सुचतो.

त्यातच वन्संच्या विहीणबाईंना गाडी हवी झाली, तीही लालच. लेकीचं सासर म्हटल्यावर वन्सं हवेतच! यार्डातल्या त्यांच्या सॉफ्टवेअरवर एक लाल गाडी मोकळी दिसली, लगेच शब्द देऊन बसल्या.

मी म्हटलं, “वन्सं, शोरूममध्येही एकदा बघून घ्या.”

“वहिनी, माझ्यात मोकळी म्हणजे मोकळी. दादाचं ते खेळणं कोण बघत बसणार?”

ती गाडी ह्यांच्या सेल्समननं सकाळीच एका नर्सबाईंना विकली होती. तो यार्डात नोंद करायलाही गेला होता, पण पासवर्ड एकट्या वन्संकडे. त्यांनी “नंतर ये” म्हणून त्याला वाटेला लावलं आणि साफ विसरल्या.

गाडी द्यायच्या दिवशी विहीणबाई सहकुटुंब आल्या. आत बसल्या, फोटो काढून झाले, आरसा स्वतःला हवा तसा फिरवून झाला. तेवढ्यात नर्सबाई दारात. पैसे भरलेले, कागद त्यांच्या नावावर, चासी नंबर तोच. विहीणबाईंना सगळ्यांदेखत गाडीतून उतरावं लागलं. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

“हा घोळ कुणाचा?” विहीणबाईंनी विचारलं.

वन्संनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “दादाच्या सॉफ्टवेअरचा.”

मी तोंड उघडणार, तोच ह्यांनी विहीणबाईंना हात जोडले. “माझंच चुकलं, ताई. दुसरी मागवतो.”

घरी मी ह्यांच्यावर अशी भडकले की विचारू नका. दुसऱ्या दिवशी कामावर म्हणाले, “बहिणीचंच सॉफ्टवेअर घेऊ.” झालं, वन्सं जिंकल्या! पण सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस सही घ्यायला आला की त्यांचं डोकं दुखायचं. जेवायलाही आमच्यात येईनात. मला आधी बरंच वाटलं. मग त्यांची ती खाली घातलेली मान बघवेना.

दुसरी लाल गाडी आली. विहीणबाई घ्यायला आल्या आणि ह्यांना म्हणाल्या, “काय हो, या खेपेला तरी नीट बघितलंत ना? का पुन्हा उतरवताय मला?” सगळे हसले. हेही हसले.

वन्सं एकदम उठल्या. “त्याला नका बोलू. तो घोळ माझा होता. त्याच्याकडे नोंद बरोबर होती, मी बघितलीच नाही. वर त्याचं नाव घेतलं. लाज वाटते हो मला.” उभ्या उभ्या रडायलाच लागल्या.

विहीणबाई ह्यांच्याकडे वळल्या. “मग तुम्ही हात कशाला जोडलेत?”

“भाची तुमच्या घरात नांदते, ताई,” हे म्हणाले. “तिच्या आईला नावं ठेवलीत, तर ऐकायला तीच समोर असते. मला काय, बोला खुशाल.”

ह्यांनी किल्ली वन्संपुढे धरली, त्यांच्या हातून द्यावी म्हणून. वन्संनी हात मागे घेतला.

“तूच दे, दादा,” म्हणाल्या.