कॅलेंडरची मागची बाजू

रत्नागिरीतल्या एका ट्रस्टने मला निवड समितीवर घेतलं, कारण मी निवृत्त प्राध्यापक आणि फुकट मिळणारा. पुण्यात दोन वर्षं राहण्या-शिकण्याची सोय होती, जागा एकच. दहावीला सारखेच गुण मिळवलेली दोन मुलं उरली होती, म्हणून मुलाखत. ती बाहेर बाकावर ताटकळत असताना आत शाली मात्र आम्हा परीक्षकांना पांघरल्या गेल्या.

आधी शहरातल्या डॉक्टर दांपत्याचा मुलगा आला. "काय रे, आजोबांचा गुडघा काय म्हणतो?" अध्यक्षांनी विचारलं. मुलाखत तिथेच संपली. पुढे त्याने वाचलेली पुस्तकं सांगितली, आईबरोबर पाहिलेली नाटकं सांगितली. मुलगा चांगला होता. त्याच्यावर माझा राग नाही.

मग संगमेश्वरकडच्या एका वाडीतली मुलगी. वडील मुंबईत कँटीनमध्ये, शेती आई बघते. ही जागा हुकली तर शिक्षण बंद, काकीचं मूल सांभाळायला मुंबई, हे तिच्या मुख्याध्यापकांनी आम्हा तिघांनाही कळवलं होतं.

"घरी अवांतर वाचायला काय असतं?"

"कॅलेंडर. महिना संपला की पान उलटून मागचं सगळं वाचते."

"म्हणजे पाककृती!" अध्यक्ष खुलले. "मग आज काय करून घालणार आम्हाला?" शेजारच्या परीक्षक बाईंनी हसू लपवायला शालीचा पदर तोंडाशी नेला.

"भविष्य पण असतं सर," मुलगी म्हणाली. "ते मी वाचत नाय."

ती बाहेर गेल्यावर अध्यक्ष म्हणाले, "हुशार आहे हो, पण घरात वाचनसंस्कार नाहीत. पुण्यात बुजेल."

"ज्याच्या घरात सगळं आहे, त्याला पुण्याला धाडायची गरज काय?" मी विचारलं.

"सर, तुम्ही भावनिक होताय."

दोन विरुद्ध एक. संस्कार हा शब्द तेव्हापासून मला पोह्यांत निघालेल्या केसासारखा वाटतो.

अध्यक्षांनी मुलीला पुन्हा बोलावलं. आपल्या ललितलेखांच्या संग्रहावर वळणदार सही करून तो तिच्या हाती ठेवला. त्याचे न सुटलेले गठ्ठे ट्रस्टच्याच माळ्यावर आहेत. "वाचत राहा हो, बाळ."

दारातून तिच्या आईने पाहिलं. बक्षीस मिळालं म्हणजे निवड झाली, असा तिचा समज. चेहरा उजळला. "मग सायेब, पुन्याला कदी न्यायची हिला?"

अध्यक्ष पेनाचं टोपण लावण्यात गढून गेले. बाई शालीची घडी घालू लागल्या. सांगायचं मलाच होतं. मी तोंड उघडेपर्यंत मुलीने आईचा हात धरला होता.

"चल आये. गाडी चुकंल."