मांजरीची वेगळी वाटी

बहिणीची मांजर मरणाच्या दारात गेली ती माझ्या आळसामुळे. सुके झिंगे भाजल्याचा वास आला की स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांतलं, कुरखेड्याकडचं आमचं तळ्याकाठचं घर आठवतं. ती मांजर जन्मापासून नाजूक. कुठलाही रोग आधी तिलाच गाठायचा, म्हणून थोरली बहीण तिची वाटी वेगळी ठेवी. एकदा बहीण भाताच्या रोवणीला गेली असताना मी एका शिंकणाऱ्या बोक्याला आत घेतलं आणि दुसरी वाटी काढायचा कंटाळा करून मांजरीच्याच वाटीत त्याला झिंगे घातले. मांजरीचे डोळे चिकटले, खाणं सुटलं. बहीण डोळे कोमट पाण्यानं पुसायची, कापसाच्या बोळ्यानं मासे उकळलेलं पाणी पाजायची. "काऊन रडून राह्यला? जगते ते," ती मलाच धीर द्यायची. मांजर जगली. पण आपणच दार उघडं टाकलं म्हणून बोका आत शिरला, असं बहीण वर्षानुवर्षं म्हणत राहिली. परवा, केस पिकल्यावर, तिच्या घरी जाऊन म्हणालो, "बाई, त्या बोक्याले मीच आत घेतलं होतं. माफ कर मले."