डाव्या बाजूचा आरसा

माझी पिकअप माझ्या लग्नाइतकी जुनी. तिला बाहेरचे आरसे कधीच नव्हते, आणि कुणी विचारलं की मी ऐकवायचो, "आरसा नवरीला लागतो, डायवरला मान लागते." खिडकीतून मान बाहेर काढायची, मागे बघायचं आणि गाडी हाणायची. पस्तीस वर्षं तशीच चालवली. त्यामुळे मी स्वतःच्या पैशाने दोन आरसे घेऊन घरी आलो, तेव्हा बायको भाकरी थापता थापता थांबली. माझ्याकडे नुसती बघत राहिली. तेच मला झोंबलं.

त्या दिवशी मी घाबरलो होतो, हे आधी सांगून टाकतो. शहाद्याला ठिबकच्या नळ्या आणायला निघालो होतो. लोणखेड्याच्या वळणावर गाडी डावीकडे घेतली आणि "ओ बाबा!" असा एका पोरीचा आवाज आला. पाठोपाठ रस्त्यावर लोखंड घासल्याचा आवाज. स्कूटी होती. मला ती दिसलीच नव्हती. आणि मी काय केलं? उजव्या खिडकीतून तोंड बाहेर काढून ओरडलो, "हॉर्न वाजवायला काय धाड भरते का?" आणि गाडी तशीच पुढे दामटली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. ती उठली की नाही, ते मी बघितलं नाही. गाडीला आरसाच नाही तर बघणार कसं, असं मनाला सांगत शहाद्याच्या पार्टच्या दुकानात शिरलो. "काका, ह्या गाडीचे आरसे आता कुठे मिळायचे?" म्हणत दुकानवाला हसला. "टेम्पोचे देतो, भोकं पाडून बसवा." घरी येताना मी ते वळण टाळलं आणि लांबून फिरून आलो.

डाव्या डोळ्याने मला दिसत नव्हतं. मोतीबिंदू पिकला आहे, उजव्यातही सुरू झाला आहे, असं दिवाळीच्या सुमारास गावातल्या शिबिरात डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं. घरी येऊन मी सांगितलं, "काही नाही, वयाचं आहे." कारण मुलगा सुरतेला, आणि त्याला एवढंच निमित्त हवं होतं. गाडी भंगारात घाला आणि घरात बसा, हे त्याचं दर फोनला ठरलेलं. गाडी गेली की मी काय, ओट्यावर बसून माशा मारू? दुसऱ्या दिवशी मिरची तोडायच्या बाया मागे बसवून शेतात न्यायच्या होत्या. म्हटलं, आरसे लावले की सगळं भागेल.

उजवा आरसा कसाबसा बसला. डाव्या दाराचा पत्रा मात्र गंजून पापडासारखा झालेला. बायको न बोलावता आली आणि आरशाचा दांडा दाराला धरून उभी राहिली. मी खूण केली तिथे ड्रिल टेकवलं, की टेकवलं असं मला वाटलं. ते सटकन घसरलं आणि तिच्या बोटाजवळून रंग खरवडत गेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, स्वतःवरच. पण ओरडलो तिच्यावर. "हात हलवतेस कशाला?"

हात तिने हलवला नव्हता. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

दुसरं भोक वाकडं पडलं. रबर घालून नट आवळले, आरसा एकदाचा उभा राहिला. मी गाडीत बसलो. ती बाहेरून आरसा फिरवायला लागली. वर, खाली, अजून थोडा. मला त्यात फक्त उन्हाचा एक पांढरा डाग दिसत होता. मी म्हणालो, "बस. झालं."

"थांबा," ती म्हणाली. "मी मांगे जाईसन उभी राहस. दिसस का सांगा."

मी आरशाकडे डोळे फाडून बघत राहिलो. थोडा वेळ जाऊ दिला आणि मोठ्याने म्हणालो, "दिसस, दिसस! लुगडाना काठ बी दिसस."

"मी आठे शे."

आवाज माझ्या उजव्या कोपराजवळून आला. ती गाडीला वळसा घालून माझ्याच दारापाशी उभी होती.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. मी दुप्पट चिडलो असतो. पण ती हळूच म्हणाली, "दिवाळीपासून डावा हातनं कोण सांगी ऱ्हायनं तुम्हले?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. कधी गाडीत न बसणारी ही बाई दिवाळीपासून प्रत्येक फेरीला शेजारी बसत होती. तिच्या तोंडाला खळ नसायचा. "डावा हातले शेळ्या शेतस. डावा हातले सायकलवाला." मी वैतागून म्हणायचो, रेडिओ बंद कर. शहाद्याला मात्र मी तिला टाळून एकटा गेलो होतो.

मी सगळं सांगून टाकलं. वळण, आवाज, पोरगी. तिने एकच विचारलं.

"ती पोर उठनी का?"

"माले माहीत नही."

तिने हात पुढे केला. मी किल्ली दिली. लाज वाटते सांगायला, पण देताना मला रडू आलं. बायांसाठी तिने फोन करून रिक्षा सांगितली, आणि म्हणाली, "सकाय जाऊत. बसमा."

सकाळी त्या वळणावर उतरलो. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला तिनेच विचारलं. तो म्हणाला, "ती कॉलेजची पोरगी? गुडघा फुटला, हात सोलवटला. आम्हीच उचललं. तो पिकअपवाला कोण हरामखोर होता, देव जाणे." मी मान खाली घातली. ती पोरगी रोज याच वेळेला जाते म्हणाला, म्हणून आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. गाड्या येत होत्या, जात होत्या, माझ्यासाठी सगळ्या सारख्याच पुसट. पळून जावंसं वाटत होतं.

"आली बघा," असा चहावाल्याने आवाज दिला, आणि बायकोने माझा दंड धरला.

"उनी ती," ती म्हणाली. "डावा हातले."

मी तिकडे वळलो आणि हात जोडले.