नऊ मतांचा भाव

आमच्या धर्मप्रांतात सहायक बिशपची निवडणूक झाली, आणि तिच्यात मी एका भल्या बाईला पाडलं. मुद्दाम नव्हे. ती निवडून यावी म्हणून दोन आठवडे फोन करत होतो. ती पडली माझ्या हुशारीमुळे.

तेव्हा आम्ही व्हर्जिनियात, हर्नडनला राहत होतो. बायको नर्स म्हणून इथे आली आणि मी तिच्या मागून. आमच्या मराठी मंडळीतले बाकीचे पुरुष पुण्या-नागपुराहून कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांवर आलेले. मी एकटाच लोकांच्या बाथरूममध्ये गुडघ्यांवर बसून फरशा लावायचो. पुढे स्वतःचं फरशीचं दुकान काढलं. ते दुकान घासाघिशीवर उभं राहिलं आणि माझा स्वभावही तसाच झाला. समोरच्याने सांगितलेला पहिला भाव मी कधी मान्य केला नाही. बायको सगळ्यांना सांगते की लग्नात पाळकांनी "हिचा स्वीकार करतोस का" असं विचारलं तेव्हासुद्धा मी जरा थांबलो होतो. ते खोटं आहे. मला शिंक येत होती.

आमची चौदा कुटुंबं. मोठ्या इंग्रजी चर्चच्या आवारात एक जुनं लाकडी चॅपल होतं, तिथे महिन्यातून एकदा, रविवारी चार वाजता, आम्ही मराठीत उपासना करायचो. मी नगरच्या मिशन कंपाउंडमध्ये वाढलो. तिथली गीतं मला पाठ, सूर मात्र माझे स्वतःचे. पेटी नागपूरचा एक इंजिनिअर वाजवायचा. मुलं मागच्या बाकावर इंग्रजीत कुजबुजायची. आणि पुढच्या बाकावर एक काकू बसायच्या. त्या मुलाकडे कायमच्या राहायला आलेल्या, इंग्रजीचं एक अक्षर येत नसे. त्या एकदा मला म्हणाल्या, "अरे, बाकीचे तीन रविवार मी देवाला नुसतं तोंड दाखवून येते. बोलते ती या एका रविवारी."

आता माझं दुखणं सांगतो. मोठ्या चर्चचे रेक्टर, म्हणजे मुख्य पाद्री, हे उंच, शांत, कधी आवाज न चढवणारे गृहस्थ होते. अशा माणसाशी भांडताना आपलाच आवाज फार मोठा वाटतो. आम्ही उपासनेनंतर चॅपलमध्येच जेवायचो, आणि जेवायचो म्हणजे मटणाचा रस्सा असायचा. एक दिवस त्यांची चिठ्ठी आली: पडद्यांना वास राहतो, सोमवारी सकाळी प्रार्थनेला येणाऱ्या बायकांची तक्रार आहे, यापुढे कृपया कोरडा खाऊ आणावा. मी कमिटीच्या बैठकीत उभा राहून ओरडलो की तुमच्या त्या करपलेल्या कॉफीचा वास आम्ही इतकी वर्षं सोसतो आहोत, आम्ही कधी चिठ्ठी पाठवली का? रेक्टर म्हणाले, "तुमचा मुद्दा लक्षात घेतो." त्यानंतर सहा वर्षं आम्ही बोललो नाही. उपासनेत एक वेळ अशी येते की सगळे जागेवरून उठून एकमेकांचे हात हातात घेतात आणि शांती चिंतितात. रेक्टर माझ्या बाकाजवळ आले की मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायचो. माझ्या बुटांना नाडी नव्हती.

तर बिशपांनी जाहीर केलं की काम वाढलं आहे, एक सहायक बिशप हवा. इराकचं युद्ध चालू होतं, चर्चमध्येही मोठे वाद चालले होते, मंडळ्या फुटत होत्या. त्या गदारोळात चौदा मराठी कुटुंबांकडे कोणाचं लक्ष नव्हतं. पण आम्हाला एक गोष्ट कळली होती. लहान मंडळ्यांचं काय करायचं, कोणाची इमारत ठेवायची आणि कोणाला मोठ्या चर्चमध्ये मिसळून टाकायचं, हे नवा सहायक बिशप ठरवणार होता. आमचं चॅपल त्याच्या हातात जाणार होतं. आणि चार उमेदवारांत एक होते आमचे रेक्टर.

निवडणुकीआधी चारही उमेदवार गावोगाव फिरले आणि लोकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. आमच्या भागातल्या सभेत मी सरळ विचारलं, "आमचं चॅपल राहणार का?" रेक्टर म्हणाले, अभ्यास करावा लागेल. एक प्राध्यापक होते, ते बारा मिनिटं बोलले आणि चॅपल हा शब्द आलाच नाही. तिसरे म्हणाले, प्रार्थना करू. चौथ्या होत्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातल्या एक पाद्रीबाई, ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, हातात पाण्याची बाटली. त्या म्हणाल्या, "हो. मी असेपर्यंत राहील."

झालं. कोणाही शहाण्या माणसाला एवढं पुरलं असतं. मला ते खुपलं. मी दुकानात बसणारा माणूस. मागितल्याबरोबर कोणी हो म्हटलं की मी माल पुन्हा तपासतो. घरी जाताना गाडीत मी बायकोला म्हणालो, "एवढ्या पटकन कशी हो म्हणाली?"

"कारण तिला हो म्हणायचं होतं," बायको म्हणाली.

"फुकट दिलेला शब्द टिकत नाही. तो शब्द विकत घ्यायला हवा."

"अहो, चॅपल आहे ते. बाथरूमची टाइल नाही."

मतदानाची पद्धत अशी की पाद्री वेगळे मत देतात आणि मंडळ्यांचे प्रतिनिधी वेगळे. निवडून यायला एकाच फेरीत दोन्हीकडे अर्ध्यापेक्षा जास्त मतं पडावी लागतात. तसं होईपर्यंत फेरीमागून फेरी. मधल्या वेळात कोणाला वाटलं तर तो नाव मागे घेऊ शकतो. मी मराठी मंडळीचा प्रतिनिधी होतो. आमच्यासारख्या आणखी आठ लहान मंडळ्या होत्या, सुदानी, कोरियन, स्पॅनिश बोलणाऱ्या, प्रत्येकीचं एक मत. मी सगळ्यांना फोन करून एकत्र आणलं. नऊ मतं. माझी छाती दोन इंच फुगली होती.

निवडणूक एका मोठ्या चर्चमध्ये होती. आम्ही नऊ जण एका बाजूला लागून बसलो, आणि मी बेत सांगितला. पहिल्या फेरीत बाईंना एकही मत द्यायचं नाही. सगळ्यांनी प्राध्यापकांना द्यायचं, त्यांना कोणी निवडत नाही. बाईंना आपली उणीव भासली की मी जाऊन बोलणी करतो, चॅपलचं आणि तुमच्या जागांचं लेखी घेतो, मग दुसऱ्या फेरीत नऊच्या नऊ मतं त्यांना.

माझ्या शेजारी सुदानी मंडळीचे एक निवृत्त मास्तर होते. काळा सूट, मांडीवर टोपी. ते हळूच म्हणाले, "भाऊ, पण त्या तर आधीच हो म्हणाल्या आहेत."

"ते तोंडी होतं, मास्तर."

"माझ्या गावात तोंडीच असायचं."

"हे तुमचं गाव नाही," मी म्हणालो. अजून आठवलं की जीभ चावतो. मास्तरांनी मांडीवरची टोपी सरळ केली. त्यांनी आमच्याप्रमाणेच प्राध्यापकांना मत दिलं, कारण मला शब्द दिला होता.

तेवढ्यावर मी थांबलो नाही. मतं मोजली जात होती तेव्हा बाईंच्या माणसांमध्ये फिरून आलो आणि कानावर घातलं की लहान मंडळ्यांची नऊ मतं अजून मोकळी आहेत, काही हवं असेल तर भेटा. दुकानात याला आम्ही गिऱ्हाईक तापवणं म्हणतो.

निकाल पडद्यावर आला. प्रतिनिधींमध्ये रेक्टर पहिले, बाई शेवटच्या. प्राध्यापकसुद्धा पुढे. ते स्वतःच चकित होऊन पडद्याकडे बघत होते. मी कोट सारखा केला आणि बोलणीसाठी तयार झालो. जेवणाचे डबे वाटले गेले, टर्कीचं सँडविच आणि एक सफरचंद. मी सफरचंद खात वाट बघत होतो. कोणी आलं नाही. मग बाई स्वतः माइकपाशी गेल्या.

त्या म्हणाल्या, "लहान मंडळ्यांसाठी काही करता येईल असं वाटलं म्हणून मी उभी राहिले. त्यांच्या मनात दुसरं कोणी असेल तर माझं इथे काम नाही. मी नाव मागे घेते." आणि सगळ्यांचे आभार मानून त्या खाली उतरल्या.

मी तोंडात सफरचंद तसंच घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात धावलो. त्या कोट घालत होत्या.

"मॅडम, थांबा. ती आमची पहिली बोली होती. आम्ही दुसऱ्या फेरीत सगळे तुम्हालाच देणार होतो."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रागाने नाही. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं, रागाशी माझी ओळख आहे.

"मला वाटलं ते मत आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही चॅपलवाले ना?"

"हो."

"तुम्हाला मी हो म्हणाले होते."

"हो."

"मग?"

त्यांनी कोटाची बटणं लावली आणि त्या पार्किंगकडे गेल्या.

एवढ्यावर संपलं असतं तरी मी म्हणालो असतो, चूक झाली. पण दुसऱ्या फेरीत पाद्र्यांची मतं रेक्टरांना पुरेशी पडली आणि प्रतिनिधींची सात कमी पडली. सात, आणि आम्ही नऊ. आयुष्यभर ज्या गिऱ्हाइकाची वाट पाहिली, ते चालत आमच्या बाकाकडे आलं. रेक्टर माझ्यासमोर उभे राहिले, हात पुढे केला आणि म्हणाले, "कसे आहात? घरी सगळे बरे आहेत ना?"

मास्तरांनी मला कोपराने ढोसलं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं: चॅपल राहू द्या, मतं घ्या. चार वर्षांच्या पोराला जमलं असतं.

मी म्हणालो, "सहा वर्षांनी घर आठवलं? पडद्यांचा वास गेला वाटतं."

रेक्टरांचा हात थोडा वेळ तसाच राहिला, मग खाली गेला. "तुमचा मुद्दा लक्षात आहे," ते म्हणाले आणि पुढच्या बाकाकडे गेले. तिसऱ्या फेरीत ते निवडून आले, आमच्या मतांशिवाय. प्राध्यापकांची माणसं त्यांच्याकडे वळली. आमची नऊ मतं शेवटी कोणाकोणाला गेली ते मलाही नीट माहीत नाही. बेत सांगायला मी जागेवर नव्हतो. पार्किंगमध्ये गाडीच्या चाकाला लाथा मारत होतो. मास्तर येऊन शेजारी उभे राहिले. "पुरे करा," ते म्हणाले, "चाक तुमचंच आहे."

पुढच्या वर्षी पत्र आलं. चॅपलचं छप्पर खराब आहे, दुरुस्ती परवडत नाही, मराठी मंडळीने मोठ्या चर्चच्या उपासनेत सहभागी व्हावं, वर्षातून दोनदा मराठी गीतांसाठी वेळ दिला जाईल. मंडळीत कोणी मला काही बोललं नाही. नागपूरचा इंजिनिअर तेवढा म्हणाला, "काका, चलता है." काकूंनी विचारलं, "म्हणजे मी बोलायचं कुठे?" मी म्हणालो, आमच्या घरी, तळघरात. तिथे फरशी मी स्वतः लावली आहे. फरशीचं त्यांना काय करायचं होतं कोणास ठाऊक, पण मला तेवढंच सुचलं.

चर्चची इमारत नुसतं कुलूप लावून बंद होत नाही; बिशपने येऊन प्रार्थना करून ती मोकळी करावी लागते. आता ते काम सहायक बिशपचं. ते शेवटच्या रविवारी आले. आम्ही मराठीत गायलो, त्यांनी इंग्रजीत प्रार्थना वाचली. काकू पुढच्या बाकावर रडत होत्या, तर ते वाचता वाचता थांबले, त्यांचं होईपर्यंत उभे राहिले आणि मग पुढे वाचलं. मला त्यांचा राग यायला हवा होता. त्या दिवशी तो शोधून सापडेना.

सगळे बाहेर पडल्यावर बायको माझ्या कानाशी म्हणाली, "वेदीचं टेबल मागा. आणि त्याबदल्यात काही देऊ नका, नुसतं मागा."

मी गेलो. सांगायला चार कारणं जुळवली होती. टेबल जुनं आहे, तुमच्या कामाचं नाही, आमच्या काकूंना ओळखीचं वाटेल, आणि नेण्याचा खर्च आमचा. पहिल्या कारणाच्या मध्यावरच ते म्हणाले, "घेऊन जा."

आणि मी काय केलं? वाकलो, आणि टेबलाखाली डोकं घालून चारही पायांना वाळवी लागली आहे का ते बघितलं. वर आलो तेव्हा सहायक बिशप झगा वर खोचून टेबलाची दुसरी बाजू धरून उभे होते. "ठीक आहे का?" त्यांनी विचारलं.

"मागचा डावा पाय जरा हलतो," मी म्हणालो.

"मग ती बाजू मी धरतो," ते म्हणाले, आणि आम्ही दोघांनी ते उचललं.