पाचव्या फाट्यावरचा धनेश

वसईजवळच्या जूचंद्र गावात मुलांना अक्षर वळायच्या आधी रांगोळी चिमटीत धरता येते. तिथल्या शाळेत मी पुष्कळ वर्षं शिकवलं, म्हणून हे खात्रीने सांगते. फळ्यावर ‘क’ काढताना खडू मोडणारा मुलगा दिवाळीत दारासमोर असा मोर काढतो, की आपण आपल्या चपला हातात घेतो.

हरेश्वर अशाच घरातला. खाडीकाठची शेती, एका कारखान्यात नोकरी, आणि उरलेला सगळा जीव रांगोळीत. स्वप्नाली ही त्याची एकुलती एक लेक. ती चौथीत असताना शाळेच्या खेळांसाठी मैदानावर चुन्याच्या रेघा आखायला कुणीतरी पालक हवा होता. हरेश्वर आनंदाने आला. सकाळी जाऊन बघते तो रेघांचे वेल झालेले, वेलांना पानं फुटलेली, आणि शर्यत जिथे संपायची तिथे रांगेने कमळं. शिट्टी वाजली तशी मुलं धावायचं सोडून पानं चुकवत उड्या मारू लागली. नेहमी शेवटी येणारा लांब टांगांचा एक मुलगा त्या दिवशी पहिला आला. हरेश्वर कडेला उभा राहून माझ्याशी वाद घालत होता.

“बाई, नुसती रेघ काय काढाची? रेघ तर कुनी पन काढतो.”

त्याच्या या एका वाक्यात त्याचा सगळा स्वभाव येतो. अर्धं काम त्याला जमत नाही. जास्तीचं मात्र हमखास जमतं.

स्वप्नाली मोठी झाली, अंधेरीच्या एका ऑफिसात लागली, आणि गेल्या वर्षी नोकरी सोडून घरी आली. तिच्या डोक्यात सायकल होती. तुंगारेश्वरच्या डोंगरामागच्या रानात जुन्या बैलगाडीच्या वाटा आहेत. तिथे मोटार जात नाही, हॉर्न ऐकू येत नाही. अशा वाटा तिने नोकरीत असतानाच सुट्टीच्या दिवशी फिरून फिरून एकमेकींना जोडल्या, रीतसर परवानगी काढली, आणि लोकांना सायकलवरून रान दाखवायचं ठरवलं. तिच्या आईला, हंसाला, हे अजिबात पटलं नव्हतं.

“रान बघाला पैसे कोन देतो?” हंसा म्हणाली. “आपन तर तिथून लाकडं आनली, पन कोनी आपल्याला तिकीट नाय मागला.”

शेवटी मायलेकींत ठरलं. पहिली फेरी नीट पार पडली तर हंसा पुन्हा नोकरीचं नाव काढणार नाही. लोक रानात चुकले, कुरकुरत घरी गेले, तर स्वप्नालीने गुपचूप ऑफिसात परत जायचं. ऑफिसवाले अजून तिची वाट बघत होते.

 दुसऱ्या दिवशी हरेश्वर माझ्या घरी येऊन बसला. चहा गार झाला तरी त्याच्या लक्षात आलं नाही.

“बाई, पोर आल्यापास्नं घरात हसते. हापिसात होती तवा फोनवर पन दमलेली वाटायची.” मग म्हणाला, “मना पन काय तरी काम दे म्हनून तिला सांगा ना. तुमचा ऐकते ती.”

मी सांगितलं. स्वप्नालीने कपाळाला हात लावला, पण कामही दिलं. वाटेत पाच फाटे होते, आणि प्रत्येक फाट्यावर बाण हवा होता. रानात रंगाचे डबे नकोत, पाट्या ठोकायला नकोत. तांदळाचं पीठ, हळद, गेरू आणि कोळशाची पूड, एवढंच वापरायचं.

“पप्पा, नुसता बाण. अ‍ॅरो. त्याला पानं नाहीत, फुलं नाहीत, वेल नाही.”

“मना काय बान काढता येत नाय?”

“तेच तर. तुला बाण सोडून सगळं येतं.”

पहिली फेरी डिसेंबरातल्या एका रविवारी होती. उजाडताच हरेश्वर कॅरिअरला पिशवी बांधून जुन्या सायकलवरून पुढे गेला. हंसा आणि मी टेम्पोने पक्क्या रस्त्याला वळसा घालून पलीकडच्या तळ्यापाशी पोचलो. आंब्याखाली सतरंज्या पसरल्या. हंसाने चूल मांडली. तांदळाच्या भाकऱ्या, वांग्याचं भरीत, सुक्या जवळ्याची चटणी. स्वप्नालीबरोबरचे सायकलवाले इथे येऊन खाणार, आणि ऊन चढायच्या आत रानाबाहेर पडणार, असा बेत होता.

थोड्या वेळाने हरेश्वर आला. हाताला हळद, कपाळाला कोळसा, आणि चेहरा सत्यनारायणाला बसलेल्या नवरदेवासारखा.

“झाले बान?” हंसाने भाकरी उलटत विचारलं.

“झाले. चार ठिकानी अगदी सरल, काठीवानी. हात शिवशिवत होता, पन आवरला.”

“आनि पाचवा?”

तो माझ्याकडे बघून हसला. “बाई, पाचव्या फाट्यावरची जमीन बघाला पायजे होती. सारवल्यासारखी. वर सावली. अशी जमीन मना परदर्शनात पन नाय भेटली.”

“अवो, काय केलंव?” हंसाचा हात तव्यावरच थांबला.

“धनेश काढला. आख्खा. चोचीपासून शेपटीपर्यंत. बान बी हाय की! त्याची चोच ज्या बाजूला, तीच वाट.”

आम्ही वाट बघत बसलो. पहिले सायकलवाले आतापर्यंत यायला हवे होते. भाकऱ्यांची चळत वाढत गेली, पण रानातून घंटीसुद्धा ऐकू येईना. तिथे फोन लागत नाही. हंसा काही बोलत नव्हती, आणि ती बोलत नाही तेव्हा हरेश्वरला बसवत नाही. तो उठला. मीही त्याच्याबरोबर निघाले. पाचवा फाटा तिथून जवळच होता.

आधी मला धनेश दिसला, आणि खोटं कशाला सांगू, मी हात जोडले. पांढऱ्या पिठावर कोळशाचे पंख, हळदीची मोठी चोच, गेरूचा डोळा. इतका जिवंत, की आता उडेल आणि पीठ सांडेल असं वाटावं. तळ्याकडची वाट चिंचोळी होती आणि पक्षी या काठापासून त्या काठापर्यंत पसरलेला. बाजूने जायला वीतभरही जागा नव्हती.

मग पलीकडची माती दिसली. सायकलींचे माग सरळ रांगोळीपर्यंत आले होते. तिथे बुटांचे ठसे गोल जमलेले. सगळ्यांनी उभं राहून बघितलेलं, फोटो काढलेले. आणि तिथून एकूण एक माग डावीकडच्या वाटेला वळला होता. ती वाट खाली ओढ्यात उतरते आणि कारवीच्या दाटीत संपते.

हरेश्वर वाकून ते माग बघत राहिला.

“एकानी पन पाय नाय टाकला, बाई,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुक होतं आणि धसकाही.

“कसा टाकतील? दारातल्या रांगोळीच्या बाजूने आत जाता येतं. इथे बाजू ठेवलीयस कुठे?”

“मी तर ‘या’ म्हनून काढली.”

“त्यांनी ‘येऊ नका’ वाचलं.”

त्याने एकदा डोंगराकडे बघितलं. ऊन चढत चाललं होतं. त्याला काय दिसत असेल ते मला कळत होतं. लेकीचं ऑफिस, फोनवरचा तो दमलेला आवाज.

मी इतकी वर्षं त्याच्या रांगोळ्या बघितल्या, पण त्याने स्वतः एकही पुसलेली बघितली नव्हती. प्रदर्शन संपलं, की झाडू यायच्या आधी तो घरी निघून जायचा. त्या दिवशी त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला, गुडघ्यावर बसला, आणि शेपटीपासून सुरुवात केली. चोच शेवटी राहिली. तिच्यावरून टॉवेल फिरवताना त्याने मान वळवली. मग उरलेलं पीठ मुठीत घेऊन वाटेच्या कडेला एक बाण काढला. आयुष्यातला सगळ्यात साधा आणि सगळ्यात वाकडा.

मग तोंडाशी हात धरून त्याने खाडीपल्याडच्या माणसाला घालतात तशी हाळी घातली. “होऽऽ! इकडं याऽऽ!”

खालून उत्तर आलं. आधी हसण्याचे आवाज, मग घंट्या. सगळ्यांच्या पुढे वसई गावातला पास्कल, सायकल ढकलत, घामाने निथळत. मागे त्याची बायको रोझलिन.

“तो पक्षी तुम्ही काढला?” पास्कलने विचारलं.

“हां. चुकला माझा. त्याच्यावरनं जायाचं होतं.”

“त्याच्यावरून? अरे बाबा, आम्ही ख्रिस्ती असलो तरी वसईचे आहोत. रांगोळीवरून सायकल घातली तर ही मला घरात घेईल का?”

“घरात घेईन, पण जेवायला नाही देणार,” रोझलिन म्हणाली. “आणि पाव पण नाही.”

सगळ्यांत शेवटी स्वप्नाली वर आली. ती हळू चालवणाऱ्यांना घेऊन मागे होती. फाट्यावर आल्यावर तिने डावीकडे वळलेले माग पाहिले आणि बरोबरच्यांना घेऊनच पुढच्यांना परत आणायला ती खाली उतरली होती. चेहरा लालबुंद. ओठांवर काय काय तयार होतं ते स्पष्ट दिसत होतं. पण तिची नजर जमिनीवर गेली आणि ती थांबली.

“पुसलीस?”

“पुसली.”

“तू पुसलीस?”

“वाट हाय ही,” हरेश्वर म्हणाला. “उंबरठा नाय.”

 पुढे होऊन स्वप्नालीने त्याच्या कपाळावरचा कोळसा पुसायचा प्रयत्न केला. तो आणखी पसरला. मग ती सायकलवर बसली आणि म्हणाली, “चला, भाकऱ्या गार होतील.” सगळे त्या वाकड्या बाणाजवळून एकामागून एक निघाले.

तळ्याकाठी पंगत बसली. भाकऱ्या गार झाल्याच होत्या, पण कुणी कुरकुरलं नाही. ओढ्यात उतरल्यामुळे दिसलेल्या खंड्याबद्दल लोक बोलत होते. रोझलिन फोनमधला धनेश हंसाला दाखवत होती. हंसाने तो फार वेळ बघितला. नवऱ्याकडे मात्र बघितलं नाही.

“पुढच्या वेळी आमची चर्चमधली मंडळी आणतो,” पास्कल म्हणाला. “पण हा पक्षी पाहिजे.”

“मिळेल,” स्वप्नाली म्हणाली. “इथे, या आंब्याखाली. सायकली उभ्या करायच्या, उतरायचं आणि बघायचं. वाटेत फक्त बाण. आणि बाण मी काढणार.”

“तुझा बान वाकडा येतो,” हरेश्वर म्हणाला.

“तुझा पण आला की आज.”

सगळे हसले. हरेश्वरही हसला, जरा उशिराने.

लोक वेळेत रानाबाहेर पडले. टेम्पोत भांडी चढवताना मी हंसाकडे बघत होते. लोक चुकले तर होतेच, म्हणून ती ऑफिसात परत जायच्या शब्दाची आठवण करून देईल, असं मला वाटत होतं. तिने परात पुसली, चटणीचा रिकामा डबा हलवून बघितला आणि लेकीला हाक मारली.

“स्वप्ना, ती चर्चची मानसं किती येतील? जवला जास्ती आनाला लागंल.”