अवधाण, की दुसरं काही

बासष्ट सालच्या हिवाळ्यात सासूबाईंनी बसणं सोडलं. कोकणातून इस्रायलला आल्यावर मिळालेल्या, लोद गावातल्या आमच्या दोन खोल्यांच्या सरकारी घरात त्या सकाळपासून चालत असायच्या. खिडकीपासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून दारापर्यंत, परत खिडकी. जेवायच्या त्याही उभ्यानंच, ताटली खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून. "मूळव्याध आहे गो, जाईल," म्हणायच्या. कोकणात असताना त्यांना ती होतीच, त्यामुळे रक्त पडायला लागलं तेव्हाही कुणाला वेगळं काही वाटलं नाही. दवाखान्यातून मलम आणलं. तिथला डॉक्टर पुरुष, म्हणून त्यांनी त्याला तपासू दिलं नव्हतं.

आमचे हे तेव्हा अश्दोदला बंदराच्या बांधकामावर होते. शुक्रवारी दुपारी यायचे, शनिवारी शब्बाथ संपला की जायचे. घरात आम्ही दोघीच. मी कागदी पिशव्यांच्या कारखान्यातून दमून यायचे आणि त्यांच्या सपातांचा आवाज ऐकत भात टाकायचे. हळूहळू मलाही बसवेना. समोर माणूस येरझाऱ्या घालत असताना आपण खुर्चीवर कसं बसायचं?

एक दिवस त्यांचा परकर धुताना मी लालभडक झालेलं पाणी बघितलं आणि तशीच ओल्या हातांनी आत गेले. "आई, उद्या दवाखान्यात जायचं. तिथली नर्स बाई आहे, ती बघेल." त्या भांडल्या, रडल्या, आणि आल्या. नर्स इराकहून आलेली, भारदस्त बाई. तिनं पडद्याआड बघितलं, हातमोजे काढले आणि मला म्हणाली, "ही मूळव्याध नाही. मोठ्या हॉस्पिटलात ने. आजच."

तेल अवीवकडच्या बसमध्ये एका तरुण सैनिकानं उठून त्यांना जागा दिली. "सावता, श्वी," म्हणाला. आजी, बस. सासूबाईंनी मान हलवली. तो पुन्हा म्हणाला, मग जरा चिडून म्हणाला. बस हलत होती, त्या दांडा धरून उभ्या, जागा रिकामी, आणि सगळे आमच्याकडे बघतायत. शेवटी मीच त्या जागेवर बसले. मग लोक माझ्याकडे बघायला लागले.

हॉस्पिटलातले डॉक्टर जर्मनीकडचे, म्हातारे. त्यांचं हिब्रू जवळजवळ माझ्याइतकंच मोडकं, म्हणून सावकाश बोलायचे आणि मला कळायचं. ते म्हातारे, म्हणून सासूबाईंनी डोळे मिटून तपासू दिलं. त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. पुढच्या वेळी त्यांनी मला सांगितलं आणि मी सासूबाईंना. गुदद्वाराचा कॅन्सर.  त्या म्हणाल्या, "माझ्या लेकाला कुठं आहे ते सांगू नकोस. पोटात आहे म्हणून सांग. माझी शपथ आहे."

"आता शलाव ठरवायचाय," डॉक्टर म्हणाले. शलाव म्हणजे टप्पा. मी म्हटलं, "आई, रोग कितव्या पायरीवर आहे ते बघायचंय."

"चढायची पायरी का उतरायची?"

डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणतायत? मी सांगितलं. ते हसले नाहीत. "चढायची," म्हणाले. "जितकी वर, तितकी वाईट." मग त्यांनी मला समजावलं. गाठ लहान आणि जागच्या जागी असेल तर ती पहिली पायरी. ऑपरेशननंतर त्यातले पुष्कळ लोक पाच वर्षं पार करतात. रोग जांघेतल्या गाठींत पोचला असेल तर दुसरी. तिथून थोडेच पार होतात. यकृतात किंवा फुप्फुसात गेला असेल तर तिसरी. "त्या वेळी आम्ही पाच वर्षांची भाषाच करत नाही."

"पाचच का?" मी विचारलं.

"हा रोग परत यायचा असला तर बहुधा पाच वर्षांच्या आत येतो."

सासूबाईंना यातून एकच गोष्ट हवी होती. थोरली मुलगी मुंबईत होती, नवऱ्याच्या नोकरीमुळे मागे राहिलेली. "मोठीला बोलवायचं का, विचार."

"आधी जांघ बघतो," डॉक्टर म्हणाले.

उजवीकडे काही नव्हतं. डावीकडे त्यांची बोटं थांबली. सुपारीएवढी गाठ. त्यांचा चेहरा मी बघत होते आणि सासूबाई माझा. "ते अवधाण आहे," त्या ताडकन म्हणाल्या. पायाला जखम होऊन चिघळली की जांघेत गाठ धरते, तिला आमच्याकडे अवधाण म्हणतात. त्यांच्या डाव्या टाचेत पत्रा घुसला होता आणि ती जखम अजून भरली नव्हती. अवधाणाला हिब्रू शब्द मला कुठून येणार? मी त्यांचा मोजा काढून टाच दाखवली. डॉक्टर वाकले, जखम दाबून बघितली.

"शक्य आहे," ते म्हणाले. "जखमेनं गाठी सुजतात. पेनिसिलिन देऊ. जखम भरल्यावर गाठ गेली तर उत्तम. राहिली तर काढून तपासू."

ते 'शक्य आहे' घेऊन आम्ही घरी आलो आणि आमची खरी तगमग सुरू झाली. नर्स इंजेक्शन द्यायची. मी टाच धुऊन बांधायचे. रोज सकाळी कामावर निघताना सासूबाई मला हाक मारायच्या, माझा हात धरून जांघेवर ठेवायच्या. "बघ गो, बसलीय ना?" कधी वाटायचं बसलीय, कधी वाटायचं कालपेक्षा टणक आहे. कारखान्यात माझी बोटं डिंकात आणि मन त्या सुपारीवर. पिशव्या उलट्या चिकटवल्या म्हणून मुकादम दोनदा ओरडला. बसनं घरी जायला धीर नसायचा, मी आधीच्याच थांब्यावर उतरून चालत सुटायचे. गाठ गेली तर एलियाहू हन्नबी या आमच्या प्रेषिताच्या नावानं पोह्यांचा मलिदा करीन, असं सासूबाई बोलल्या होत्या. पोहे आणि नारळ कुठं मिळतील याची चौकशीही त्यांनी शेजारणीकडे करून ठेवली.

पेसाहचा सण जवळ आला. घरं उलटीपालटी करून धुवायचे दिवस. सासूबाईंनी कपाटं आवरली आणि दुसऱ्या दिवशी आवरलेली पुन्हा उपसली. टाच भरली. नवी गुलाबी कातडी आली. गाठ होती तिथंच होती.

डॉक्टरांनी ती काढली. निकालाच्या दिवशी त्यांनी मला एकटीला आत बोलावलं, तर सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "माझ्यासमोर सांगायला सांग."

मी त्यांच्याकडे न बघता एकेक वाक्य मराठीत केलं. जांघेतल्या गाठीत तोच रोग आहे. फोटोत फुप्फुसं साफ आहेत. यकृत हाताला लागत नाही, म्हणजे तेही ठीक.

"म्हणजे अवधाण नव्हतं."

"नव्हतं, आई."

"दुसरी पायरी."

"हो."

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर शौचाची वाट कायमची पोटावर काढावी लागेल, आणि जांघही उघडावी लागेल. "पहिली पायरी असती तर मी तुमच्या मागे लागलो असतो. आता लागत नाही. कोबाल्टची किरणं देऊ, दुखणं कमी होईल."

"मग किती?" सासूबाईंनी विचारलं.

"वर्ष. कदाचित थोडं जास्त. मला पुष्कळ माणसांचं मिळून ठाऊक आहे. एका माणसाचं सांगता येत नाही."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मोठीला तार कर."

किरणांनी कातडी भाजली, सोलून निघाली, आणि मग खरंच आराम पडला. वन्सं मुंबईहून लोदच्या विमानतळावर उतरल्या तेव्हा सासूबाई त्यांना न्यायला स्वतः आल्या होत्या. उन्हाळ्यात त्या उशी घेऊन बसायला लागल्या, लेकीच्या हातचं आमसुलाचं सार वाटीवाटी प्यायल्या, अंगानं भरल्या. वन्सं माझ्यावर उखडल्या. "ही बाई मरायला टेकलीय? माझा संसार मोडून मला इथं आणलंत! मी जाते परत." शुक्रवारी त्या भावालाही तेच म्हणाल्या. हे माझ्याकडे बघायला लागले. आईनं घातलेल्या शपथेमुळे मला धड बोलताही येईना.

मलाच राहवेना. सुट्टी टाकून मी एकटी डॉक्टरांकडे गेले. "त्या बऱ्या दिसतायत. नणंद परत जायला निघालीय. तुमचं चुकलं का?"

"चुकलं असतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "किरणांनी गाठ आखडते. रोग खालच्या पायरीवर येत नाही. तुमच्या नणंदेला थांबवा."

घरी येऊन मी वन्संना बाहेर बाकावर नेलं आणि सगळं सांगितलं. कुठं आहे, कुठवर गेलंय, डॉक्टर काय म्हणतात.  त्यांनी विचारलं, "आईला ठाऊक आहे?" मी म्हटलं, "त्यांनीच तुम्हाला बोलावलं." त्यांनी परतीचं पुढं ढकललं. नवऱ्याचा राग पत्रांतून येत राहिला, तो त्यांनी सोसला.

शरदातल्या सुक्कोथच्या सणानंतर सासूबाईंचं जेवण तुटलं. हिवाळ्यात उजव्या बरगडीखाली हाताला कठीण लागायला लागलं, डोळे पिवळे झाले. आता चालणं नव्हतं, बसणंही नव्हतं. आम्ही आळीपाळीनं कूस बदलून द्यायचो. चौसष्टच्या पेसाहला त्यांनी मत्साचा, त्या सणाच्या बिनखमिराच्या भाकरीचा, तुकडा तोंडात धरला, गिळला नाही. त्यानंतरच्या आठवड्यात, एका सकाळी, लेकीच्या मांडीवर डोकं असताना त्या गेल्या. हे अश्दोदहून वेळेवर पोचले होते.

शोकाचे दिवस सरल्यावर वन्सं म्हणाल्या, डॉक्टरांना भेटून येऊ. आम्ही नानखटाई घेऊन गेलो. डॉक्टरांना पहिल्यांदा ओळख पटेना. मी आईंचं नाव, गाव सांगितलं तरी पटेना. मग "डावी जांघ, टाचेची जखम" म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. "तुकडा तपासल्यापासून किती दिवस जगल्या?"

"वर्षाच्या वर थोडेच," मी म्हणाले.

"यकृत?"

"हो."

त्यांनी नानखटाई घेतली, आभार मानले, दारापर्यंत आले.

रस्त्यावर येताच वन्संचा संताप बाहेर पडला. "एवढंच? माझी आई कशी होती, एका शब्दानं विचारलं नाही मेल्यानं." मी त्यांना म्हटलं, त्यांनी वर्ष सांगितलं नसतं तर तुम्ही आला नसतात.  लोदची बस समोरून निघून गेली. दुसरीची वाट बघत उभं राहणं दोघींनाही जमेना, म्हणून पुढच्या थांब्याकडे चालायला लागलो. चालता चालता त्या मला आईच्या तरुणपणीचं काहीबाही सांगत राहिल्या. लग्नाआधी ती अख्ख्या गावात सगळ्यात जोरात पोहायची, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.